वॉल्टरची दुकानं, सॉलचे कोपरे

शुक्रवार

लबक ते अल्बुकर्की अंतर सुमारे ३२० मैल. भाचा ओंकार टेक्सासमधल्या लबकला शिकतो. मार्चमध्ये त्याला स्प्रिंग ब्रेकची सुट्टी होती आणि मी त्याच्याकडे आलेली होते. त्याने ग्रँड कॅन्यन सुचवून पाहिलं, पण ते उगाच, वरवरचं. कुठे जायचं हे दोघांनाही ठाऊक होतं, फक्त कारणं वेगळी होती. तो अल्बुकर्कीत घडणाऱ्या टीव्ही मालिकेतल्या वॉल्टर व्हाइटच्या पंथातला. मी सॉल गुडमनच्या, त्यातही तो सॉल होण्याआधीच्या जिमी मॅगिलच्या. गाव सुटायच्या आत भांडण सुरू झालं.

"मावशी, 'ब्रेकिंग बॅड'ला सोळा एमी पुरस्कार. तुझ्या 'बेटर कॉल सॉल'ला किती?"

"त्रेपन्न नामांकनं."

"मिळाली किती?"

मी बाहेरचं कपाशीचं रिकामं रान बघायला लागले. एकही नाही. त्रेपन्न नामांकनं आणि शून्य एमी, हा विक्रमच आहे. जिमीची वकील मैत्रीण किम वेक्सलर उभी करणाऱ्या रिया सीहॉर्नला हात हलवत परत पाठवणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

यातलं काहीच न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: 'ब्रेकिंग बॅड' २००८ ते २०१३ या काळात एएमसी वाहिनीवर आली. ५ सीझन, ६२ भाग. कॅन्सर झालेला, पैशाने गांजलेला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, जेसी पिंकमनला, हाताशी धरून मेथ हा अमली पदार्थ बनवायला लागतो आणि बघता बघता माणूस म्हणून संपतो. त्यात २००९ साली, दुसऱ्या सीझनमध्ये, एक भडक शर्टांचा वकील, सॉल गुडमन, येतो. त्या वकिलाची स्वतंत्र मालिका म्हणजे 'बेटर कॉल सॉल': २०१५ ते २०२२, ६ सीझन, ६३ भाग. पुढे दोन्हींचे शेवट फुटणार आहेत. बघायचं बाकी असेल तर आधी ते उरका.

क्लोव्हिस मागे पडल्यावर फोर्ट सम्नर लागतं. इथे बिली द किडची कबर आहे. १८८१ साली शेरीफ पॅट गॅरेटने त्याला याच गावात गोळी घातली. कबरीचा दगड दोनदा चोरीला गेला, म्हणून आता सगळी कबर लोखंडी पिंजऱ्यात आहे. त्याचे दोन साथीदारही शेजारीच आहेत आणि दगडावर तिघांना मिळून एकच शब्द कोरलाय, 'पॅल्स'. गजांतून आत लोकांनी नाणी टाकली होती. ओंकारनेही एक टाकलं.

"खुन्याला पैसे?"

"मावशी, आपण कुठे चाललोय?"

मुद्दा बरोबर होता. गुन्हेगाराला डोक्यावर घ्यायची न्यू मेक्सिकोतली रीत टीव्हीच्या कितीतरी आधीची आहे. तिथून जवळच बॉस्के रेडोंडोचं स्मारक आहे. १८६०च्या दशकात अमेरिकी सैन्याने हजारो नवाहो लोकांना शेकडो मैल चालवत इथे आणलं आणि १८६८च्या करारापर्यंत डांबून ठेवलं. कबरीपाशी पाच गाड्या उभ्या होत्या, स्मारकापाशी आमची एक.

घड्याळ राज्याच्या हद्दीवरच एक तास मागे गेलं होतं, आता आय-४० महामार्ग लागला, आणि उतारावरून सांदिया डोंगराच्या पायथ्याशी पसरलेलं अल्बुकर्की दिसलं. पहिल्यांदा बघताना ओळखीचं वाटतं ते आभाळ. दोन्ही मालिकांत कॅमेरा जमिनीलगत असतो आणि वर हे एवढं आभाळ. खरं तर ही गोष्ट इथली नव्हतीच. 'ब्रेकिंग बॅड'चा जन्मदाता व्हिन्स गिलिगन याने ती कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये कल्पिली होती. न्यू मेक्सिको चित्रीकरणाच्या खर्चावर २५ टक्के परतावा देत होतं, म्हणून कथा सामानसुमानासकट इकडे हलली. पैशाच्या हिशोबापायी एवढं छान काही घडल्याची उदाहरणं फार नसावीत.

रात्री सेंट्रल अव्हेन्यूवर, म्हणजे जुन्या रूट ६६वर, 'डॉग हाउस'मध्ये जेवलो. निऑनचा लांबुडका कुत्रा शेपूट हलवत सॉसेजची माळ खातो. जेसी इथे येऊन गेलाय, हे ओंकारचं. माझं असं, की चौथ्या सीझनमध्ये वकिलीची सनद निलंबित झालेला जिमी रात्री याच आवारात प्रीपेड फोन विकत फिरतो. धंदा झकास होतो आणि मग तीन पोरं त्याला मारून पैसे काढून घेतात. मी गाडीतून उतरून आवाराच्या कडेला, तो उभा असतो साधारण तिथे, उभी राहिले. वारा बोचरा होता. ओंकार आतून हॉर्न वाजवत होता.

शनिवार

सकाळी 'लोयोलाज'. अमेरिकेत पूर्वी गल्लोगल्ली असायचं तसलं साधं खाणावळवजा रेस्टॉरंट. माइक, आधी कोर्टाच्या पार्किंगच्या फाटकावर बसून तिकिटांवरचे स्टिकर मोजणारा आणि पुढे गुन्हेगारांचा उजवा हात झालेला म्हातारा, इथे नाश्ता करतो, पेपर वाचतो आणि धमक्या ऐकून घेतो. 'ब्रेकिंग बॅड'मधली लिडिया काळा चष्मा लावून इथेच त्याला भेटायला येते आणि आपण अजिबात संशयास्पद दिसत नाही अशा भ्रमात शेजारच्या टेबलाशी पाठमोरी बसते. वेट्रेसने ऑर्डर घेताना विचारलं, "रेड ऑर ग्रीन?" मिरचीचा रस्सा लाल हवा की हिरवा, हा या राज्याचा चक्क अधिकृत प्रश्न आहे, विधिमंडळाने ठरवलेला. दोन्ही हवे असतील तर 'ख्रिसमस' म्हणायचं. आम्ही तेच म्हटलं. हिरवी मिरची भाजून सोललेली असते. आपल्या ठेच्याचा झणका नाही, पण धुरकट वास असा की बोटांना दुपारपर्यंत येत होता.

आजचा दिवस माझा, असं कालच ठरलं होतं. तेव्हा पहिला थांबा नेल सलून.

शहराच्या पूर्वेला, हुआन ताबो बुलेव्हार्डवर, दुकानांच्या एका साध्या रांगेत ते आहे. मालिकेत जिमीचं ऑफिस याच्या मागच्या खोलीत: बॉयलरशेजारी, उघडून पलंग होणारा सोफा, आणि पुढे मालकीणबाई मिसेस न्विन, ज्या त्याला काकडीचं पाणी पिऊ देत नाहीत कारण ते फक्त गिऱ्हाइकांसाठी आहे. बाहेरून फोटो काढून निघून जायचं मला प्रशस्त वाटेना. चालू दुकान आहे, लोक पोटासाठी कामाला बसलेत. म्हणून मी सरळ आत जाऊन नखं करून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा.

कामाला बसलेल्या बाईंनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "टीव्ही शो?" मी मान हलवली. त्यांनी हसून रंगांची पेटी पुढे केली. मी नारिंगी निवडला, सॉलच्या टायसारखा. मागच्या भिंतीकडे एक दार होतं आणि माझी नजर सारखी तिकडे जात होती. एका हाताची नखं होईपर्यंत त्यांनी ते पाहिलं असावं. "सामान ठेवतो तिथे," त्या म्हणाल्या. मग मी विचारलं, तुम्ही पाहिलीत का मालिका? "सुरुवात केली होती. फार हळू चालते," असं म्हणून त्यांनी माझं करंगळीचं नख अतिशय सावकाश, कडेला जराही रंग न लागू देता रंगवलं. काकडीचं पाणी नव्हतं.

'हळू चालते' ही तक्रार मी घरीही ऐकलेली आहे. पण ती मालिका मला आवडते ती याच कामामुळे. जिमी रात्रभर बसून एका कागदपत्रातला पत्त्याचा आकडा कातर आणि गोंद घेऊन बदलतो. माइक एक अख्खी गाडी पार्टपार्ट सुटी करतो, कुठे काही सापडतं का म्हणून. बंदूक निघण्याआधीचे तास दाखवायला फार हिंमत लागते. 'ब्रेकिंग बॅड' बघताना मी नखं खाल्ली होती, 'सॉल' बघताना विणकाम झालं, आणि शेवटच्या सीझनमध्ये जिमीचा प्रतिस्पर्धी वकील हॉवर्ड हॅमलिनवर गोळी सुटली तेव्हा सुई हातातच राहिली. हळू हळू चालत आलेली गोष्ट अशी वार करते.

तिथून माँटगोमेरी बुलेव्हार्डवर, सॉलचं पुढचं ऑफिस. छतावर फुगवलेली स्वातंत्र्यदेवी असायची ते. आता छत मोकळं. खांब, पार्किंग, दुपारचं ऊन. मला पाहायला काहीच उरलेलं नाही तरी मी वीस मिनिटं रेंगाळले. ओंकार म्हणाला, "मावशी, तुझी सगळी ठिकाणं पार्किंगच आहेत." खरंच होतं ते. सॉलचे चाहते या शहरात कोपरे, भिंती आणि गाड्या लावायच्या जागा बघत फिरतात. विकत घ्यायला काही नसतं.

जाताना त्याला खूश करायला वॉल्टरचं कार वॉश. मालिकेत तो शाळेनंतर इथे पार्ट टाइम कामाला असतो, आपल्याच विद्यार्थ्याच्या गाडीची चाकं पुसतो, आणि पुढे हेच दुकान विकत घेऊन मेथचा पैसा धुतो. आज तिथे खरोखरचं कार वॉश आहे, एका मोठ्या साखळीचं. टेक्सासची धूळ अंगावर घेऊन आलेली आमची गाडी रांगेत लावली. फिरत्या ब्रशांमध्ये ओंकार अर्धवट उघड्या तोंडाने बसला होता. एवढा आनंद मी त्याच्या पदवीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

मग ते घर. ओंकारने नकाशावर शोधून ठेवलं होतं, मी पत्ता लिहिणार नाही. तिसऱ्या सीझनमध्ये बायकोने घरात न घेतल्यावर वॉल्टर चिडून पिझ्झा भिरकावतो आणि तो अख्खाच्या अख्खा छपरावर जाऊन बसतो. वॉल्टर झालेल्या ब्रायन क्रॅन्स्टनला तो पहिल्याच फेकीत साधला होता. पुढे पर्यटक खरे पिझ्झे घेऊन या खऱ्या घराच्या छतावर फेकायला लागले. २०१५मध्ये गिलिगनला पॉडकास्टवर सांगावं लागलं की हे गमतीचं नाही, नवीन नाही, बंद करा. तरी थांबेना, तेव्हा घरात राहणाऱ्या कुटुंबाने लोखंडी कुंपण घातलं. २०२५च्या सुरुवातीला घर विक्रीला निघाल्याचं मी वाचलं होतं, किंमत सुमारे ४० लाख डॉलर, आजूबाजूच्या घरांच्या कितीतरी पट.

आम्ही गाडी हळू केली. कुंपणापलीकडे गॅरेज दिसलं, छत दिसलं. समोर दोघं तरुण सेल्फी घेत होते. ओंकारचा हात दाराच्या खटक्यावर गेला आणि तिथेच थांबला. "राहू दे," तो आपणहून म्हणाला. मला बरं वाटलं. कुणी रोज उठून आपल्या दारात रस्त्यावरच्या माणसांचे घोळके बघावेत, हा कुठल्या आवडीचा भाग?

रविवार

हा दिवस त्याचा. आरव्ही टूर. वॉल्टर आणि जेसीची पहिली प्रयोगशाळा ज्यात होती त्या १९८६च्या फ्लीटवूड बाउंडरसारखीच दिसणारी मोटारहोम, आत बाकं, आणि गाइड इथलाच. टूर तीनेक तासांची. गाडीत आम्ही दोघं, ब्राझीलहून आलेलं मधुचंद्राचं जोडपं (मधुचंद्र!), आणि कॅनडातले एक निवृत्त रसायनशास्त्राचे शिक्षक, जे प्रत्येक थांब्याला 'हे शक्य नाही' असं म्हणत होते. पहिल्या सीझनमध्ये हायड्रोफ्लोरिक अॅसिडने बाथटब विरघळून मजला खचतो, त्यावर तर त्यांचं छोटेखानी व्याख्यान झालं. गाइडने ते आधी अनेकदा ऐकलेलं असणार, पण त्याने शांतपणे पूर्ण होऊ दिलं.

जेसीचं घर, मालिकेत जिच्याखाली मेथची मोठी प्रयोगशाळा असते ती लॉन्ड्री (खरोखरच कपडे धुण्याचा कारखाना) असं भराभर झालं. रेंगाळलो ते 'ट्विस्टर्स'मध्ये. दक्षिणेकडे इस्लेटा बुलेव्हार्डवरचं हे बरिटो-बर्गरचं दुकान म्हणजेच मालिकेतलं 'लॉस पोयोस एर्मानोस', चिकनच्या दुकानाआडून मेथचा धंदा चालवणाऱ्या गस फ्रिंगचं. भिंतीवर दोन कोंबड्यांचं चित्र अजून आहे आणि त्यासमोर फोटोची रांग. वॉल्टर ज्या टेबलापाशी गसची वाट बघत बसतो तिथे बसायला ब्राझीलचा नवरा तयार होताच. मी मात्र कचरापेटी शोधत होते. 'सॉल'च्या तिसऱ्या सीझनमध्ये जिमी इथे पाळत ठेवायला येतो, पाठीवरच्या पिशवीवाल्या माणसाचा माग काढताना कचऱ्यात हात घालून उचकतो, आणि मागून गसचा मवाळ आवाज येतो. जिमी घड्याळ पडल्याचा बहाणा करतो. त्या दृश्यात भीतीदायक काय, तर गस हातात झाडू घेऊन स्वतःचं दुकान नीटनेटकं ठेवणारा साधा मॅनेजर असतो. मी माझा ट्रे त्या पेटीत रिकामा केला. तेवढ्यात एक पोरगा फडका घेऊन आला आणि टेबल पुसून गेला. माझ्या अंगावर काटा आला, ते त्या बिचाऱ्याला कशाला कळेल!

ओल्ड टाउन १७०६ सालचं. मातीच्या रंगाच्या बसक्या इमारती, मधोमध चौक आणि चर्च. तिथे 'द कँडी लेडी' हे गोळ्या-चॉकलेटचं दुकान आहे. पहिल्या दोन सीझनमधलं मेथ यांनी साखरेचं बनवून दिलं होतं. निळ्या खड्यांच्या चिमुकल्या झिप पिशव्या काउंटरवर ढिगाने मांडलेल्या. आसपास टीशर्ट, मग, हॅट, पिवळे संरक्षक सूट, वॉल्टरचा चेहरा असलेले मोजे. ओंकारने मित्रांसाठी मूठभर पिशव्या घेतल्या. मी सॉलचं काही आहे का म्हणून विचारलं, तर एका कोपऱ्यातून 'बेटर कॉल सॉल' लिहिलेलं काडेपेटीएवढं बिझनेस कार्ड निघालं.

निळी साखर जिभेवर विरघळते, गोड लागते, बस. पण सहा-सात वर्षांचा एक मुलगा आईकडे तीच पिशवी मागत होता आणि आईने दोनदा इकडेतिकडे पाहून घेऊन दिली. ज्या राज्यात खऱ्या मेथने घरं बसली तिथे हा खाऊ झालाय. मला त्यात पाप दिसलं नाही, पण गंमतही वाटेनाशी झाली. ओंकारशी यावर बोलले. तो म्हणाला, मालिकेत वॉल्टर जिंकत नाही ना. मी म्हटलं, मोज्यांवर तर जिंकलाय.

दुपारी टूरनंतर आम्ही आपल्या गाडीने पश्चिमेला निघालो. साधारण अर्ध्या-पाऊण तासावर तो'हाजीली आहे, नवाहो नेशनचा भाग. पहिल्या भागातला मेथचा पहिला 'स्वयंपाक', पिंपांत भरून पुरलेले पैसे, आणि वॉल्टरचा साडू, अमली पदार्थविरोधी अधिकारी हँक, याचा मृत्यू, सगळं याच भूमीत. पाचव्या सीझनच्या तेराव्या भागाचं नावच 'तो'हाजीली' आणि चौदावा 'ओझिमँडियस', १५ सप्टेंबर २०१३चा, रियन जॉन्सनने दिग्दर्शित केलेला. टीव्हीवरचा सर्वोत्तम तास कोणता या वादात ओंकार दुसरं नाव ऐकून घेत नाही, आणि इथे मी त्याच्याच बाजूची आहे. हँक जमिनीवर जखमी आणि त्याला सोडावं म्हणून वॉल्टर टोळीवाल्या जॅकला आपले आठ कोटी डॉलर देऊ करतोय. 'तू मला माहीत असलेला सर्वांत हुशार माणूस आहेस, आणि त्याने दहा मिनिटांपूर्वीच ठरवलंय हे तुला दिसत नाही,' असं हँक त्याला म्हणतो. इतका जवळचा माणूस जाताना असा खरं बोलून जातो.

आम्ही आत गेलो नाही. ती आदिवासी भूमी आहे, परवानगीशिवाय भटकायची जागा नव्हे, आणि शुक्रवारी बॉस्के रेडोंडो बघून आल्यावर तर 'फक्त एक फोटो' म्हणायला जीभ उचलेना. आय-४०च्या एक्झिटला गाडी लावून दूरची तांबूस टेकाडं बघितली. वाळू नव्हे, माती, तिच्यावर खुरटी झुडपं, आणि वाऱ्याने सरकत जाणाऱ्या ढगांच्या सावल्या. 'सॉल'मधला 'बॅगमन' आठवला: जिमी आणि माइक सत्तर लाख डॉलरच्या पिशव्या ओढत वाळवंट तुडवतात. तो भाग खुद्द गिलिगननेच दिग्दर्शित केला होता.

पैशांच्या पिंपांची जागा वॉल्टर लॉटरीच्या आकड्यांसारखी लिहून ठेवतो, अक्षांश-रेखांश. चाहत्यांनी ते नकाशावर टाकले, तर जागा निघाली अल्बुकर्की स्टुडिओजची, जिथे मालिका बनत होती. ओंकारला हे ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं ते मी सांगितलं: २०२१च्या जुलैमध्ये, 'सॉल'च्या शेवटच्या सीझनचं चित्रीकरण चालू असताना, सॉल झालेला बॉब ओडेनकर्क सेटवरच कोसळला. सहकलाकार ओरडले, सीपीआर दिला, शॉक दिले, तेव्हा हृदय पुन्हा चालू झालं. शेवटचे भाग बघताना मी त्याच्या चेहऱ्यावर जिमी बघत होते की तो माणूस वाचलाय हे बघत होते, सांगता येत नाही.

परतताना शहराच्या पश्चिमेला कॉटनवूड मॉल. मालिकेत नेब्रास्कातल्या ओमाहाचा म्हणून दाखवलेला, कृष्णधवल, जिथे सॉल 'जीन' नावाने सिनाबन दुकानाचे दालचिनी रोल भाजत लपून राहतो. रंगीत बघून वाईट वाटलं. पाच मिनिटांत बाहेर.

सोमवार

लबकला निघण्याआधी डाउनटाउनमध्ये कन्व्हेन्शन सेंटर. २०२२च्या जुलैअखेरीस, म्हणजे 'सॉल' संपायला पंधरवडा असताना, इथे वॉल्टर आणि जेसीचे ब्राँझचे पुतळे बसवले. गिलिगन आणि सोनी पिक्चर्सने शहराला भेट दिलेले, शिल्पकार ट्रेव्हर ग्रोव्ह. क्रॅन्स्टन आणि जेसी झालेला अॅरन पॉल दोघंही आले होते. मेथ बनवणाऱ्यांचे पुतळे कशाला, अशी टीका लगेच झाली. गिलिगनने ती ओळखूनच समारंभात म्हटलं होतं की काहींना हे खटकणार आणि ते मला समजतं.

पुतळे चांगले आहेत. ओंकार त्यांच्यामध्ये हात घडी घालून उभा राहिला, मी फोटो काढले. किमचा नाही, माइकचा नाही, सॉलचा नाही.

"त्याचा पुतळा कुठे बसवला असतास?" ओंकारने विचारलं.

मला फार विचार करावा लागला नाही. शेवटच्या भागात, १५ ऑगस्ट २०२२च्या, किम तुरुंगात भेटायला येते आणि दोघं भिंतीला टेकून एक सिगारेट वाटून ओढतात. पहिल्या सीझनमध्ये पार्किंगमध्ये ओढली होती तशीच. सगळं काळंपांढरं, फक्त सिगारेटचं टोक नि ज्योत रंगीत. "पार्किंगमध्ये," मी म्हटलं.

"मला वाटलंच."

खाली गॅरेजमध्ये गाडी घेतली. बाहेर पडायच्या फाटकापाशी माणूस नव्हता, मशीन होतं. तिकीट घातलं तर ते परत बाहेर आलं. पुन्हा घातलं, पुन्हा बाहेर. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या.

"मावशी, स्टिकर कमी पडलेत," ओंकार माइकच्या आवाजात म्हणाला.

मी खिडकी खाली करून, नारिंगी नखांचं बोट उगारून, जिमीने पहिल्या सीझनमध्ये केली तशी हुज्जत घालायला सुरुवात केली. मशीन पार्किंगचे पूर्ण पैसे मागत राहिलं. ओंकारने कार्ड पुढे केलं.